गेममधलं कापड हलतं कसं? आणि त्यात दामोदर कोसंबींचं काय काम?

मागच्या दिवाळीची गोष्ट. ताडकळसला घरी गेलो होतो. संध्याकाळी आमच्या ओट्यावर आम्ही तिघं मित्र बसलो होतो. एक परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात वनस्पती पैदासशास्त्र शिकलेला. दुसरा चार वर्षांपासून एमपीएससी देतोय. तिसरा मी, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत.

कृषीवाल्याच्या मांडीवर लॅपटॉप होता. कुठल्याशा पिकाचा जनुकीय नकाशा तो बनवत होता आणि सॉफ्टवेअर त्याला विचारत होतं, अंतर काढायला कुठलं सूत्र वापरायचं, हॅल्डेन की कोसंबी? एमपीएससीवाल्याने नाव वाचलं आणि हसला. म्हणे कोसंबी तर इतिहासकार, प्राचीन भारतावरच्या प्रश्नांत येतात, ते इथे कापसा-ज्वारीत काय करताहेत? मी म्हटलं, इतिहास राहू दे, ते गणितवाले, माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये त्यांचं नाव एका तळटीपेत वाचलंय. पाच मिनिटं वाद झाला. शेवटी तिघांनी मिळून ठरवलं की हे तीन वेगवेगळे कोसंबी असणार. मग मोबाईल काढला आणि बघितलं, तर एकच माणूस. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 31 जुलै 1907, गोव्यातलं कोसबेन गाव. मृत्यू 29 जून 1966, पुणे.

ओट्यावर बसलेल्या तिघांना तीन वेगळ्या कामांसाठी माहीत असलेला हा माणूस. इतिहासाचं काम पुस्तकांत भरपूर आहे, त्यामुळे ते मी थोडक्यात आटोपणार आहे. मला सांगायचंय ते तळटीपेतलं.

आधी माझा झेंडा

शेवटच्या वर्षाला मी वाऱ्यावर फडफडणारा झेंडा बनवायला घेतला होता. हाताने अ‍ॅनिमेशन करायचं नाही, भौतिकशास्त्राच्या नियमांनी तो आपोआप हलायला हवा. याला सिम्युलेशन म्हणतात. गेममध्ये हिरोचा कोट उडतो, सिनेमात समुद्र उसळतो, ते बहुतेक असंच केलेलं असतं.

कल्पना सोपी आहे. कापडाच्या जागी ठिपक्यांची जाळी घ्यायची. माझ्या जाळीत 50 गुणिले 50, म्हणजे 2500 ठिपके होते. प्रत्येक ठिपका शेजारच्यांना स्प्रिंगने बांधलेला. उभ्या-आडव्या स्प्रिंगा, तिरप्या स्प्रिंगा, आणि कापड फार दुमडू नये म्हणून एक ठिपका सोडून पुढच्याला बांधलेल्या स्प्रिंगा, अशा मिळून साडेचौदा हजारांच्या आसपास. प्रत्येक क्षणी प्रत्येक स्प्रिंग किती ताणली गेली ते बघायचं, त्यावरून बल, बलावरून न्यूटनच्या नियमाने त्वरण, त्यावरून ठिपक्याची नवी जागा. पाऊल मोठं टाकलं की स्प्रिंगा पिसाळतात आणि झेंडा स्क्रीनबाहेर फुटून जातो, म्हणून एका फ्रेमसाठी मी दहा छोटी पावलं टाकत होतो. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर 600 पावलं. गुणाकार करून बघा, सेकंदाला सुमारे 87 लाख स्प्रिंगांचा हिशोब झाला.

आणि मी हे पायथॉनमध्ये साध्या फॉर लूपने लिहिलं होतं. एका फ्रेमला जवळपास एक सेकंद लागायचा. झेंडा फडफडत नव्हता, विचार करून करून हलत होता. लॅपटॉप सेकंडहँड, पंखा ओरडायचा. सादरीकरणाला तीन आठवडे उरलेले.

तेव्हा सिनिअरने एक युक्ती सांगितली. झेंडा आधी रात्रभर चालवून ठेव, सगळ्या फ्रेम साठव, आणि मग त्या फ्रेममधून झेंड्याचे मोजके मूळ आकार काढ. प्रत्येक क्षणी 2500 ठिपके तीन दिशांना हलतात म्हणजे 7500 आकडे, पण हे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. एक ठिपका उजवीकडे गेला की शेजारचाही जातोच. म्हणून झेंड्याच्या सगळ्या हालचाली खरं तर थोड्याच आकारांच्या मिश्रणातून बनतात. एक मोठी लाट, एक अर्धी लाट, एक पीळ, टोकाची थरथर, वगैरे. मला 20 आकार पुरले. मग 7500 आकड्यांऐवजी कुठला आकार किती मिसळायचा एवढे 20 आकडे सांभाळायचे. झेंडा पळायला लागला.

या पद्धतीला प्रॉपर ऑर्थोगोनल डिकम्पोझिशन म्हणतात. सांख्यिकीवाले थोड्या वेगळ्या वेषात तिला प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. गणिताच्या पुस्तकांत तिच्या मुळाशी असलेल्या प्रमेयाचं नाव कार्हुनेन–लोएव. मी फंक्शनचं नावही केएल_बेसिस ठेवलं होतं. एका शोधनिबंधात मात्र खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की या दोघांच्या आधी, 1943 मध्ये, ही गोष्ट कोसंबींनी मांडली होती. मी ते वाचलं आणि पुढे गेलो. तीन आठवडे उरले होते ना.

गोवा ते हार्वर्ड

वडील धर्मानंद कोसंबी. पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, ज्ञानासाठी घर सोडून निघालेला माणूस. हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम होतं म्हणून ते अमेरिकेला जात असत. 1918 मध्ये दामोदरलाही सोबत नेलं. मुलगा अकरा वर्षांचा. शाळा तिकडेच झाली, मग हार्वर्ड विद्यापीठ. तिथे जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखे गणिती शिकवायला होते, आणि पुढे सायबरनेटिक्ससाठी जगप्रसिद्ध झालेल्या नॉर्बर्ट वीनर यांच्याशी ओळख झाली. 1929 मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. पीएचडी केलीच नाही, शेवटपर्यंत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे अशा माणसांची गोष्ट सांगताना गरिबी, कंदील, चार मैल चालत शाळा असं आपोआप येतं. कोसंबींची गोष्ट तशी नाही. त्यांना जगातल्या उत्तम शाळा मिळाल्या. त्यांची अडचण परत आल्यावर सुरू झाली.

1929 मध्येच ते भारतात परतले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकवायला लागले. पहिला शोधनिबंध 1930 चा, ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा हळूहळू कशी फिरत जाते यावर. 1931 मध्ये फ्रेंच गणिती आंद्रे वेल यांनी त्यांना अलीगढला बोलावलं. त्याच वर्षी नलिनी माडगावकरांशी लग्न झालं. आणि त्याच वर्षी वेल यांच्या सांगण्यावरून एक खोडीही केली. बुर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर चक्क निबंध छापला. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी बुर्बाकी हेच टोपणनाव घेऊन आधुनिक गणिताची पुस्तकं लिहायला घेतली, आणि ते नाव अजरामर झालं. छापील निबंधात बुर्बाकीचं नाव पहिल्यांदा आलं ते कोसंबींच्या.

मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. इथे ते 1945 पर्यंत होते. आजूबाजूला त्यांच्या विषयावर बोलायला फारसं कुणी नव्हतं, पण निबंध जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा भाषांत लिहून युरोपातल्या नियतकालिकांना पाठवत होते. 1933 मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा वक्रमार्गांच्या भूमितीवरचा निबंध छापून आला आणि त्याच्या पाठोपाठच एली कार्तां या दिग्गज फ्रेंच गणितज्ञाची त्यावरची टिप्पणी. पुढे चेर्न या चिनी गणितज्ञानेही त्यावर काम केलं. आज तिघांच्या नावाने तो सिद्धांत ओळखला जातो. त्याचा विषय म्हणजे त्वरणाची समीकरणं. मी झेंड्याच्या प्रत्येक ठिपक्यासाठी जे समीकरण सोडवत होतो, त्याच जातीची. मार्ग जरा ढकलला तर तो मूळ मार्गाजवळ राहतो की दूर जातो, हे त्या सिद्धांतावरून तपासता येतं. 1934 मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं.

नाण्यांपासून झेंड्यापर्यंत

सांख्यिकीकडे ते कसे वळले? नाण्यांमुळे. ही मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट.

तक्षशिलेला जुन्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, फक्त ठसे आहेत. जुनं कुठलं आणि नवं कुठलं कसं ओळखायचं? कोसंबींनी विचार केला की नाणं हातोहात फिरतं, झिजतं, हलकं होतं. जास्त वर्षं फिरलेल्या गटाचं सरासरी वजन कमी असणार, आणि एकेका नाण्याच्या वजनातला फरकही वाढलेला असणार. म्हणून त्यांनी नाणी तोलायला घेतली. कल्पना बरोबर आहे का हे तपासायला बाजारात चालू असलेली ब्रिटिशकालीन नाणीसुद्धा तोलली. हजारो नाणी, एकेक करून, अचूक तराजूवर. आजच्या भाषेत, मॉडेल वापरण्याआधी ज्याचं उत्तर माहीत आहे अशा डेटावर ते तपासून घेतलं.

नाण्याचं वजन हा एक आकडा. पण आकड्याच्या जागी अख्खी वक्ररेषा असेल तर? रोज वेगळी येणारी वक्ररेषा, जसं दिवसभराचं तापमान, किंवा आपल्या झेंड्याची कड. तिची सरासरी काढता येईल, पण तिच्यातला फरक कसा मोजणार? 1943 मध्ये जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये त्यांचा 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा निबंध आला तो या प्रश्नावर.

त्यातलं सार मी माझ्या पद्धतीने सांगतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवता तेव्हा जेपेग त्याचे 8 गुणिले 8 चे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकडा ठराविक लाटांच्या मिश्रणात लिहितं. या लाटा आधीच ठरलेल्या. फोटो शेताचा असो की सेल्फी, लाटा त्याच. हा रेडीमेड शर्ट झाला. कोसंबींची पद्धत म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेला. आधी बऱ्याच वक्ररेषा गोळा करा. सरासरी बाजूला काढा. मग बघा, एका जागचा चढउतार दुसऱ्या जागच्या चढउताराशी किती बांधलेला आहे. त्या बांधणीतूनच मूळ आकार बाहेर पडतात. पहिला आकार सगळ्यात जास्त फरक सांगतो, दुसरा उरलेल्यातला जास्तीत जास्त, असं उतरत्या क्रमाने. गंमत अशी की तेवढ्याच संख्येचे दुसरे कुठलेही आकार घेतले तरी सरासरी चूक, म्हणजे फरकांच्या वर्गांची सरासरी, यापेक्षा कमी करता येत नाही.

काळ बघा. दुसरं महायुद्ध चालू आहे, कागदाची टंचाई आहे, भारतातलं नियतकालिक परदेशात पोहोचणं मुश्कील. फिनलंडच्या कार्हुनेन यांनी आणि फ्रान्समध्ये लोएव यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत स्वतंत्रपणे तेच शोधलं, जास्त विस्ताराने मांडलं. नाव त्यांचं लागलं. यात कुणी चोरी वगैरे केलेली नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे फॉरवर्ड मेसेजला तेवढं निमित्त पुरतं. शिवाय कोसंबी स्वतःही तिथे थांबले नाहीत. 1944 मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजण्याचं सूत्र छापलं. माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर होतं ते हेच. हॅल्डेनचं सूत्र असं धरतं की गुणसूत्रावरच्या अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र घडतात. कोसंबींचं सूत्र धरतं की एक अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कृषी विद्यापीठांत ते रोज वापरलं जातं.

डेक्कन क्वीनमधला गणिती

होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि कोसंबींना बोलावून घेतलं. घर मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेजवळ. सकाळी डेक्कन क्वीनने मुंबई, संध्याकाळी परत. बाजूने 192 किलोमीटर. वर्षानुवर्षं. गाडीत ते लिहायचे, वाचायचे.

1948-49 मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले, इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला. तेव्हा भारतात एकही संगणक नव्हता. शिकागो विद्यापीठात शिकवलं, प्रिन्स्टनला गेले, आइन्स्टाइनशी भेट झाली. 7500 आकड्यांची बांधणी हाताने सोडवता येत नाही, त्याला यंत्र लागतं. त्यांच्या 1943 च्या कल्पनेला ज्याची गरज होती ते यंत्र नुकतंच जन्माला येत होतं आणि हा माणूस ते बघायला गेला होता. मी कोडिंगवाला असल्यामुळे मला इथे हळहळ वाटते. परत येऊन त्यांनी ही दोन टोकं जोडली नाहीत.

कारण त्यांचं लक्ष पसरलेलं होतं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पायी फिरून अश्मयुगीन हत्यारं शोधणं, जागतिक शांतता चळवळ, आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासावरचं ते गाजलेलं पुस्तक. भाभांशी त्यांचे मतभेद होत गेले. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला परवडेल असं ते 1950 च्या दशकात जाहीरपणे सांगत होते, आणि ते अणुऊर्जेच्या प्रमुखाच्याच संस्थेत नोकरी करत होते.

मग रीमानचं गृहीतक. अविभाज्य संख्यांबद्दलचा हा प्रश्न 1859 पासून अनुत्तरित आहे, आजही. कोसंबींनी तो संभाव्यतेच्या मार्गाने सोडवायचा प्रयत्न केला आणि 1959 मध्ये निबंध छापला. कुठे? कृषी सांख्यिकीच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. चूक होणं हा गुन्हा नाही, या प्रश्नाने भलेभले तोंडावर पडलेत. पण गणिती लोक जिथे तपासतील तिथे न पाठवता भलत्याच ठिकाणी छापलं, यामुळे त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. मला विचाराल तर ही त्यांची मोठी चूक होती. एकट्याने काम करायची सवय लागली की आपला कोड दुसऱ्याला दाखवायचा कंटाळा येतो. माझाही झेंडा एकदा फुटायचा थांबत नव्हता, दोन रात्री गेल्या, आणि चूक फक्त वजाबाकीच्या चिन्हाची होती. सिनिअरला पाच मिनिटांत दिसली. पण मी चुकलो तर एक प्रोजेक्ट जातो. त्यांची नोकरी गेली. 1962 मध्ये टाटा संस्थेतली मुदत संपली आणि पुढे वाढवली गेली नाही.

त्यानंतरही ते एस. ड्यूक्रे या टोपणनावाने गणिताचे निबंध छापत राहिले. 1964 पासून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडलेले होते. फेब्रुवारी 1966 च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये नाण्यांवरचा लेख आला. त्याच वर्षी 29 जूनला झोपेतच गेले. वय 58.

पुढचं वर्ष, 1967. जॉन लम्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने खळाळत्या हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहातले मूळ आकार शोधायला हीच पद्धत आणली. 1987 मध्ये सिरोविच यांनी साठवलेल्या फ्रेममधून आकार काढायची सोपी रीत दिली, माझ्या सिनिअरने मला सांगितलेली तीच. त्याच सुमारास माणसांच्या चेहऱ्यांचे मूळ आकार काढायला सुरुवात झाली. 1999 मध्ये ब्लान्झ आणि फेटर यांनी चेहऱ्यांच्या त्रिमितीय स्कॅनमधून असेच आकार काढून कुठलाही नवा चेहरा त्यांच्या मिश्रणातून बनवून दाखवला. ग्राफिक्सच्या सिग्राफ परिषदेत 2005 मध्ये बार्बिच आणि जेम्स यांनी लवचीक वस्तू आणि 2006 मध्ये त्रॉय, लुईस आणि पोपोविच यांनी धूर-हवेचं सिम्युलेशन मोजक्या आकारांवर आणून तत्क्षणी चालवून दाखवलं.

पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. जे आकार नमुन्यांत नव्हते ते तिला माहीत नसतात. मी रात्रभर फक्त एका दिशेचा वारा साठवला होता. सादरीकरणात परीक्षकांनी वारा उलट्या दिशेने करायला लावला आणि माझा झेंडा काठीतून आरपार गेला. मार्क बरे मिळाले, ते का ते मला अजून कळलेलं नाही.

ओट्यावरची बैठक मोडली तेव्हा कृषीवाल्याने कोसंबी निवडून नकाशा चालू केला होता. एमपीएससीवाल्याने वहीत त्यांच्या नावापुढे गणित असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आत जाऊन मी जुन्या प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं आणि केएल_बेसिस या फंक्शनचं नाव कोसंबी_बेसिस केलं. दोन फाईलींत जुनं नाव राहून गेलं होतं, प्रोग्रॅम चालेना. ते सापडेपर्यंत साडेअकरा वाजले, आणि आई जेवायला हाका मारून मारून झोपली होती.